घरात दृष्टिदीप असता

अमरावती, १४ नोव्हेंबर १९३७

भाऊ,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं. मग तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला. दीड वर्षात तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आता एकदम तीर्थरूप म्हटलं तर तुम्हाला ते खोटं वाटेल. नुसतं भाऊ बरं.

मी खुशाल आहे. खुशालराव मास्तरांच्या कमर्शियल क्लासमधलं माझं हे दुसरं वर्ष. सकाळी टाइपरायटर, दुपारी व्यापारी पत्रव्यवहार, आणि आठवड्यातून तीन दिवस मास्तरांचा आवडता विषय, विक्रीकला. टाइपरायटरवर आता दहाही बोटं चालतात. पहिले चार महिने करंगळ्या रडत होत्या.

तुम्ही म्हणाला होता, "माल चोख असला का इकाची कला कायले शिका लागते?" त्यावर मी जे बोललो ते मला आठवतं. तुमची अक्कल संत्र्याच्या झाडाच्या बुंध्यापाशी संपते, असं मी अकरा वर्षांनी मोठ्या भावाला म्हणालो. बाबांच्या माघारी ज्यानं मला वाढवलं त्याला, आणि तेही मनकर्णावहिनींच्या देखत. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. सोबत वर्तमानपत्राचं एक कात्रण आहे. अकोल्याचे ओमप्रकाश शेठ 'दृष्टिदीप' नावाचे डोळ्यांत घालायचे थेंब करतात. त्यांची जाहिरात मास्तरांनी आम्हा चौदा जणांना लिहायला दिली. छापली गेली ती माझी. खाली नाव नसतं, पण ठळक अक्षरांतली ओळ माझी आहे: 'घरात दृष्टिदीप असता दवाखाना कशाला?'

मास्तर सांगतात, आधी गिऱ्हाइकाच्या मनातली भीती शोधा, मग तिच्यावर उपाय म्हणून आपला माल पुढे करा. मी डोळे मिटून आईला समोर आणलं. बाबांना दवाखान्यात नेलं आणि ते परत आले नाहीत, तेव्हापासून ती त्या इमारतीवरून जातानासुद्धा पदर पुढे ओढते. मी ती भीती घेतली आणि तिच्यावर ओळ बांधली. मास्तरांनी कात्रण वर्गाच्या भिंतीवर लावलं. म्हणाले, ही ओळ गिऱ्हाइकाच्या घरात शिरते.

आईला वाचून दाखवा. हे सहदेवनं लिहिलं म्हणून सांगा. शेठजींनी मला पुढच्या महिन्यापासून अकोल्याला बोलावलं आहे.

सहदेव


अकोला, ९ जानेवारी १९३८

भाऊ,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं धरूनही चाललो नव्हतो. पण आपल्या वरूडचे उत्तमराव परवा इथे कापसाच्या कामाला आले होते, त्यांच्याकडून कळलं की तुम्ही कात्रण आईला वाचून दाखवलंत. एकदा नाही, शेजारच्या बाया आल्या तेव्हा पुन्हा. तिनं उत्तमरावांकडून अमरावतीहून दोन बाटल्याही मागवून घेतल्या, डोळ्याला काही झालेलं नसताना. 'पोराची दवाई घरात असू द्या' म्हणाली म्हणे. ऐकून मी त्यांना चहा पाजला.

इथे माझं टेबल खिडकीशी आहे. बाहेरगावच्या पत्रांना उत्तरं टाइप करणं, दुकानदारांना गळ घालणं, नवीन जाहिराती लिहिणं, ही कामं माझी. वर्गात शिकलेलं इथे तासातासाला उपयोगी पडतं. दुकानदाराला 'माल घ्याल का' असं विचारायचं नाही. 'किती पाठवू' असं विचारायचं. तक्रार आली तर तक्रार खोडायची नाही. माणसाला बसवायचं, पाणी द्यायचं, त्याच्या मनात आशा ठेवून त्याला परत पाठवायचं. काल पातूरची एक बाई आली होती नवऱ्याला घेऊन. तिचं समाधान करून पाठवलं. विशेष काही नाही. हेही एक कसब आहे, ते शिकतो आहे.

थंडीनं झोप जरा कमी लागते. तुमच्याकडे मृगबहाराची संत्री यंदा कशी आहेत ते उत्तमराव सांगत होते. झाडं वाकली आहेत म्हणाले.

सहदेव


अकोला, २७ फेब्रुवारी १९३८

भाऊ,

तुमचं कार्ड आत्ता मिळालं. दोन वर्षांत तुमचं हे पहिलं अक्षर. चारच ओळी आहेत, त्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या. 'मायच्या उजव्या डोयाले संत्र्याचा काटा लागला. तोडा चालू होता. बारा दिवस झाले, तुही दवाई घालून राहिलो. बुबुळावर पांढरं आलं, ठणका थांबत नाई, आता काय कराव ते लिहिजो.'

थेंब बंद करा. हे पत्र वाचता आहात त्या क्षणापासून एकही थेंब घालू नका. मायला मोटारीत बसवून अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात आणा. ती नाही म्हणेल. उचलून आणा. मी तारही करतो आहे आणि दुपारच्या गाडीनं निघतो आहे. दवाखान्याच्या दारात उभा असेन.

सहदेव


अमरावती, १२ मार्च १९३८

भाऊ,

तुम्ही परत गेल्याला पाच दिवस झाले. माय बरी आहे. ताप उतरला. काल तिनं ज्वारीच्या थोड्या कण्या ताकात कालवून खाल्ल्या. पट्टी उद्या बदलतील. डाव्या डोळ्याला धोका राहिलेला नाही, असं डॉक्टर म्हणाले. उजवा काढला नसता तर तोही गेला असता.

दवाखान्याच्या ओसरीवर तुम्ही मला एकच प्रश्न विचारला होता. "तूच लिहिलं ना ते?" मी हो म्हणालो. तुम्ही म्हणालात, "आमी दवाईवर नाई, तुह्यावर इस्वास ठेवला." आणि मायचं गाठोडं माझ्या हातात देऊन संत्र्यांच्या उरलेल्या तोड्यासाठी गेलात. मला मारलं असतंत तर हिशेब तिथेच मिटला असता, मी आत्ता हे पत्र लिहायला बसलो नसतो.

डॉक्टरांनी माझ्याकडे बाटली मागितली, वास घेतला. म्हणाले, गुलाबपाणी, तुरटी आणि कापूर. यानं डोळा जात नाही आणि सुधारतही नाही. काट्याची जखम पिकली होती. पहिल्या तीन-चार दिवसांत आणलं असतं तर डोळा राहिला असता.

म्हणजे थेंबांनी काही केलं नाही, भाऊ. जे केलं ते त्या ओळीनं केलं. माय मला सांगत होती, तुम्ही दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली होती. तीच म्हणाली, 'माह्या पोरानं लिहिलं हाय, दवाखाना कायले, मंग मी कावून जाऊ.'

आता जे लिहितो ते तुम्हाला ठाऊक नाही. मायलाही परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

जानेवारीच्या पत्रात मी पातूरच्या बाईचं लिहिलं होतं, विशेष काही नाही म्हणून. तिचं नाव पार्बताबाई. नवरा-बायको भाजीपाला करतात. नवऱ्याचा हात धरून आली होती. कापसाची पऱ्हाटी उपटताना त्याच्या डोळ्यात काडी गेली होती आणि बुबुळ दुधासारखं झालं होतं. तिच्याजवळ तीन रिकाम्या बाटल्या होत्या. ओरडली नाही. बाटलीवरच्या कागदावर माझीच ओळ छापलेली होती, तिच्यावर बोट ठेवून म्हणाली, "बाबू, गुरुजीनं वाचून सांगतलं, दवाखाना कायले असं लिहिलं हाय. मंग आमी गेलो नाई. आता काय कराव?"

दवाखाना तिथून चालत दहा मिनिटांवर होता. मला नुसतं बोट दाखवायचं होतं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि शिकलो होतो तसं त्यांच्या मनात आशा ठेवली. अजून दोन बाटल्या वापरून पाहा म्हणालो आणि माझ्या हातानं दिल्या. तो माणूस जाताना मला हात जोडून गेला.

त्याच दिवशी मला कळलं होतं. नंतर कळलं असं म्हणण्याची सोय नाही. आठ जानेवारी ते तेरा फेब्रुवारी, मायला काटा लागेपर्यंत सव्वा महिना होता. तुम्हाला एक कार्ड टाकायचं होतं, 'त्या बाटल्या फेकून द्या' एवढंच. मी पत्र लिहिलं आणि त्यात थंडी कशी आहे ते लिहिलं.

परवा मायला हे सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दिवसभर माझ्या हातचं पाणी घेतलं नाही, शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "तिच्या घरी जाऊन आला काय?"

मी म्हणालो, नाही.

"मंग इथं कायले बसला?"

वहिनींना दोन दिवसांसाठी पाठवा. मी पातूरला जाऊन येतो. आणि झाडाच्या बुंध्याचं मी बोललो होतो, त्याची मला लाज वाटते. तेव्हाच लिहायला हवं होतं.

सहदेव


अकोला, २३ मार्च १९३८

भाऊ,

वहिनी आल्या म्हणून मला निघता आलं. त्या माझ्याशी बोलल्या, तुमच्या बाजूनंही थोडं बोलल्या. त्यांचे उपकार.

आधी शेठजींकडे गेलो. ते वाईट माणूस नाहीत, हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण मला त्यांच्यावर सगळं ढकलायचं होतं आणि ते जमलं नाही. मायचं ऐकून त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "बाबू, या पाण्यात जहर हाय काय? मी सोता रोज घालतो." आणि माझ्यासमोर मान मागे करून दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. त्यांचा खरोखर विश्वास आहे.

मी म्हणालो, "पाण्यात नाही शेठजी, माझ्या ओळीत आहे. वर्तमानपत्रात छापा की डोळ्याला जखम झाली तर आधी दवाखान्यात जा."

"असं छापलं तं लोक म्हणतील दवाईच झूठी हाय. वीस वर्साचं नाव हाय माहं." मग म्हणाले, बाटलीवरच्या नव्या कागदावरून ती ओळ काढतो. जुन्या बाटल्या दुकानोदुकानी गेल्या आहेत, त्या परत मागवणार नाहीत. एवढ्यावर ते थांबले. मी नोकरी सोडली, कचेरीची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि पातूरची मोटार धरली.

पार्बताबाई मेथीच्या जुड्या बांधत होती. मला लगेच ओळखलं. नवरा ओट्यावर बसला होता, मान तिरपी करून एका डोळ्यानं बघत. दुसऱ्या डोळ्याचं मी विचारलं नाही, दिसत होतं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ओळ माझी, तुम्ही आलात त्या दिवशी मला समजलं होतं, तरी बाटल्या दिल्या, आणि आता माझ्या मायचा डोळा गेला.

तिचे हात थांबले नाहीत. सगळं झाल्यावर म्हणाली, "तुह्या मायचा गेला म्हणून आला."

मी मान हलवली.

"तिचा नसता गेला तं आला असता काय?"

भाऊ, मी हो म्हणू शकलो नाही. वर्गात आम्हाला कोणत्याही प्रश्नाला उत्तर तयार ठेवायला शिकवलं आहे. मग तिचा नवरा ओट्यावरून म्हणाला, "पाणी दे त्याले. मोटारीतून आला तो."

पाणी पिऊन मी माफीचं बोलायला लागलो, तर तिनं हातानंच थांबवलं. "मापी घेऊन मी काय करू? उद्या बाजार हाय. त्या बाटल्या तिथं मांडून इकतेत. तिथं उभा राहून सांग."

गेलो. वाणी बाटल्या मांडून बसला होता, त्याच्यापासून दहा हातांवर उभा राहिलो. मला वाटलं होतं, मला बोलता येतं. वर्गात टाळ्या मिळाल्या आहेत. पण बाजारात माझा आवाज तीन माणसांपलीकडे जाईना. 'बंधूंनो, सदर औषध' असं काहीतरी मी सुरू केलं. एकानं विचारलं, काय इकतं? काही विकत नाही म्हटल्यावर तो निघून गेला. विकायला काही नसलेल्या माणसापाशी बाजारात कोण थांबतं? वाण्यानं येऊन मला खांद्याला धरून बाजूला केलं. मी बाजूला झालो.

तेव्हा भाजीच्या ओळीतून पार्बताबाईचा आवाज आला. "ऐका त्याचं. खरं सांगून राहिला तो. हा पाहा माह्या मानसाचा डोया." सात-आठ बाया थांबल्या. त्यांना मी साध्या बोलीत सांगितलं, काय झालं ते. एकीनं पिशवीतली बाटली काढून वाण्याला परत दिली. त्यानं ती घेतली नाही, तर तिथेच ठेवून गेली.

एवढंच झालं. मोठं काही झालं असं समजू नका.

सहदेव


अमरावती, २० एप्रिल १९३८

भाऊ,

तुमचं कार्ड आलं. 'मायले केव्हा आणतं' एवढंच लिहिलं आहे. सांगतो, पण आधी बाकीचं.

या महिन्यात मी हेच सांगत सहा बाजार केले. खुशालराव मास्तरांना भेटलो. त्यांनी सगळं ऐकलं, कात्रण भिंतीवरून काढलं, आणि मला म्हणाले, उद्या हे वर्गाला तुम्ही सांगा. सांगितलं. अकरा मुलांनी खाली पाहिलं; दोघांनी विचारलं की मग ओळ कशी लिहायला हवी होती. मला त्या दोघांचा राग आला, मग वाटलं की विचारण्यासारखं तेच आहे. मी म्हणालो, जी ओळ ज्या घरात जाणार त्या घरातल्या आजारी माणसापाशी बसून मोठ्यानं वाचता येईल, ती लिहा. याहून चांगलं उत्तर माझ्यापाशी नव्हतं, अजून नाही.

बाजारात बोलणं टाइपरायटरपेक्षा अवघड आहे. बाटलीपासून सुरुवात केली तर लोक पांगतात. काट्यापासून, काडीपासून सुरुवात केली तर थांबतात, कारण काटा प्रत्येकाला लागलेला असतो. 'सदर' आणि 'बंधूंनो' गेले. आवाज घशातून काढायचा नाही, पोटातून काढायचा, हे अजून जमत नाही. दर वेळी सांगावं लागतं की ती ओळ मी लिहिली. हे सांगणं सवयीचं होईल असं वाटलं होतं, होत नाही. अकोटला एक म्हातारा माझ्या अंगावर थुंकला. पुसलं आणि पुढचं सांगितलं.

माय दवाखान्यातून सुटून मी इथे घेतलेल्या खोलीवर आहे. मागच्या रविवारी म्हणाली, "मले घेऊन चाल इतवाऱ्याच्या बाजारात." मी नको म्हणालो. ऊन होतं, आणि खरं सांगायचं तर तिला असं चारचौघांत उभं करणं मला सोसवत नव्हतं. ती म्हणाली, "डोया माहा गेला. तुले कायची लाज?"

नेलं. मी बोलायला लागलो. ती थोडं ऐकून म्हणाली, "तू अजून वाचल्यावानी बोलतं. बाजूले हो." आणि बोलली. आपला बगीचा लागायच्या आधी ती डोक्यावर पाटी घेऊन वरूडच्या बाजारात वांगी विकायची, तुम्हाला आठवत असेल, मी तेव्हा लहान होतो. तो आवाज मी विसरलो होतो. तिनं पट्टी वर केली. मी दुसरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "बायाहो, हा माहा पोरगा हाय. यानं कागदावर लिहिलं आन् म्या आयकलं. माह्या पोराचं आयकलं म्हणून माहा डोया गेला. तुमचा तं हा पोरगाई नाई, तुमी कायले आयकता? डोयाले लागलं का दवाखान्यात जा."

गर्दीतून एक सून पुढे आली. सोबत सासू, डोळ्याला फडकं बांधलेलं. सुभद्रा नाव त्या म्हातारीचं. गहू काढताना कुसळ गेलं होतं, चौथा दिवस. सून म्हणाली, सासू दवाखान्याचं नाव काढू देत नाही. मायनं त्या म्हातारीला विचारलं, "कावून भेतं?" ती म्हणाली, "तिथून मानूस परत येत नाई."

माय म्हणाली, "मी आली ना परत." आणि तिचा हात धरून चालायला लागली. इतवाऱ्यापासून दवाखान्यापर्यंत, भर दुपारी, दोघी हात धरून. मी आणि ती सून मागून. दारापाशी मायनं पदर पुढे घेतला नाही. आत गेली आणि डॉक्टर येईपर्यंत त्या म्हातारीजवळ बाकावर बसून राहिली. मी बाहेर उभा होतो. मला आत बोलावलं नाही.

सुभद्राबाईचा डोळा वाचेल, असं काल डॉक्टर म्हणाले.

यानं मायचा डोळा भरून निघत नाही, पार्बताबाईच्या नवऱ्याचाही नाही. ज्यांची गावं मला माहीत नाहीत अशांचं काय झालं, तेही मला कधी कळणार नाही. मी अजून वर्षभर तरी बाजार करणार आहे. सकाळी इथल्या एका वकिलाकडे टायपिंग मिळालं आहे.

मायला घेऊन शनिवारी दुपारच्या मोटारीनं येतो. तिला उजव्या बाजूचं दिसत नाही, तेव्हा गाडीत चढताना त्या बाजूला कोणीतरी लागतं. तुम्ही मोटारीच्या अड्ड्यावर बैलगाडी आणा. मी तिला चढवून देईन. मलाही बस म्हणालात तर बसेन. नाही म्हणालात तर तीच मोटार अर्ध्या तासानं परत निघते, आणि मला तुमचा राग येणार नाही.

सहदेव